‘इंजिनिअर’ हा शब्द ‘इंजिन’वरून आलाच नाही? एका लोकप्रिय व्युत्पत्तीची चिकित्सा

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे स्वागत असो किंवा १५ सप्टेंबरचा अभियंता दिन असो, व्यासपीठावरून एक विधान हमखास ऐकू येते. इंजिनिअर हा शब्द इंजिनवरून आलेला नाही, तो लॅटिनमधील ‘इन्गेनिउम’ या शब्दावरून आला आहे. म्हणून इंजिनिअर म्हणजे यंत्राशी झटणारा नव्हे, तर बुद्धीने काम करणारा माणूस. टाळ्या पडतात. हेच विधान पहिल्या सत्राच्या नोट्समध्ये उतरते, विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत लिहितात आणि त्यांना गुणही मिळतात.

प्रस्तुत टिपणात या विधानाची तपासणी करायची आहे. त्याचे तीन तुकडे पडतात. इन्गेनिउमचा तुकडा बरोबर आहे. इंजिनचा तुकडा चूक आहे. आणि ‘म्हणून’नंतर जे येते ते पहिल्या दोहोंतून निघतच नाही. व्युत्पत्ती हा भाषेच्या विद्यार्थ्यांचा विषय, आपला नव्हे, असे म्हणून हे सोडून देता येईल. पण या विधानातून विद्यार्थी आपल्या व्यवसायाविषयी एक समज घेऊन वर्कशॉपमध्ये शिरतो, आणि तो समज मला घातक वाटतो.

शब्दाचा प्रवास

इन्गेनिउम म्हणजे माणसाच्या ठायी जन्मापासून असलेला गुण, स्वभाव, बुद्धी. यातील ‘इन’ म्हणजे आत, आणि पुढचा ‘गेन’ हा जन्म देणे या अर्थाचा धातू. संस्कृतातील ‘जन्’ हा धातू याच कुळातला, म्हणजे ‘जन्म’ आणि ‘इंजिन’ हे दूरचे भाऊबंद ठरतात. घडणीच्या दृष्टीने इन्गेनिउमला सर्वांत जवळचा आपला शब्द ‘सहज’ हा आहे: सह अधिक ज, सोबत जन्मलेले.

पुढे या शब्दाचा अर्थ सरकत गेला. आधी बुद्धी, मग बुद्धीने लढवलेली युक्ती, मग त्या युक्तीने बनवलेली वस्तू. हा प्रवास मराठी माणसाला परका वाटू नये, कारण आपल्याकडे एक शब्द याच वाटेने गेला आहे. संस्कृतातील ‘कला’ म्हणजे कौशल्य. तिचेच मराठीत ‘कळ’ झाले. एखाद्या कामाची कळ सापडते तेव्हा ती युक्ती असते, कळ दाबून दिवा लागतो तेव्हा ती यंत्राचा भाग असते, आणि कळसूत्री बाहुलीत दोन्ही एकत्र असतात. (‘कळ लावणे’ यातील कळ वेगळी, ती भांडणाची.) आमच्या रायपुरात हिंदीतून ‘कल-कारखाना’ आणि ‘कल-पुर्जे’ रोज कानावर पडतात, ती ‘कल’ही हीच. कौशल्याचे नाव यंत्राला मिळणे हा भाषेचा जुना व्यवहार आहे. लॅटिन इन्गेनिउमपासून इंजिनपर्यंतचे अंतर तेवढेच, कलेपासून कळीपर्यंतचे.

जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचे रूप ‘एंजिन’ असे होते. चातुर्य, कावा, सापळा, आणि किल्ल्याच्या तटावर दगड फेकणारे अवजड यंत्र, हे सगळे अर्थ त्यात होते. इ.स. १३०० च्या सुमारास तो इंग्रजीत उतरला तेव्हा हे अर्थही सोबत आले. शिकारी जो फास लावत त्याला इंग्रजीत ‘जिन’ म्हणत. तो इंजिनचाच पहिला स्वर गळून झालेला शब्द. दुष्ट हेतूला ‘मॅलएंजिन’ असा एक जोडशब्दही होता. म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी माणसाला ‘इंजिन’ म्हटल्यावर धूर आणि चाके आठवत नसत. त्याला डोके आठवे, कधी कपटी डोके आठवे, नाहीतर वेढा घातलेल्या किल्ल्यासमोरचे धूड आठवे.

अशी यंत्रे रचणारा तो इंजिनिअर. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याला ‘इन्गेनिआतोर’ म्हणत. इंग्लंडच्या राजाने १०८६ मध्ये जमिनींची जी मोजदाद करवली, त्या डूम्सडे बुकात लिंकनशरमधील जमीनधारकांमध्ये वाल्डिन इन्गेनिआतोर असे नाव नोंदलेले आहे. या लोकांचे काम राजाचे किल्ले आणि राजाची युद्धयंत्रे. पुढे चौदाव्या शतकात इंग्रजीत आलेला ‘इंजिनिअर’ हाही प्रथम युद्धयंत्रे बांधणाराच होता. त्याचे फ्रेंच रूप ‘एंजिन’ रचणे या अर्थाच्या क्रियापदावरून बनलेले, आणि इंग्रजीत शेवटी जे रूप रूढ झाले ते तर सरळ इंजिनला प्रत्यय लावल्यासारखेच दिसते.

तेव्हा शिडी अशी उभी राहते: खाली इन्गेनिउम, मधल्या पायरीवर इंजिन, वर इंजिनिअर. आपले व्यासपीठीय विधान मधली पायरी काढून टाकते आणि वरच्या पायरीवरून थेट खालच्या पायरीवर उडी मारायला सांगते. ‘इंजिनिअस’, म्हणजे कल्पक, हा इंग्रजी शब्दही इन्गेनिउमचाच वंशज आहे, पण तो इंजिनिअरचा बाप नव्हे, चुलतभाऊ आहे.

विधानात खरे काही नाहीच असे मात्र नाही. बोलणाऱ्याला बहुधा इतकेच म्हणायचे असते की इंजिनिअर हा शब्द वाफेच्या किंवा डिझेलच्या इंजिनपेक्षा जुना आहे. तेवढे अगदी बरोबर. न्यूकोमेनचे वाफेचे इंजिन १७१२ चे. तोवर इंजिनिअर हा शब्द काही शतके वापरात होता. पुढे वाफेचा इतका बोलबाला झाला की इंजिन म्हणजे तेच असे लोक मानू लागले. तरी जुना अर्थ पूर्ण मेला नाही. चार्ल्स बॅबेजने १८२२ मध्ये आकडेमोडीच्या यंत्राला ‘डिफरन्स इंजिन’ म्हटले. आज आपण सर्च इंजिन म्हणतो त्यात पिस्टन कुठे आहे?

विदर्भातील जिनिंग

इंजिन हा शब्द मराठीत दोनदा आला, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. एकदा आगगाडीबरोबर, ‘ते इंजिन’ म्हणून नपुंसकलिंगी. (हिंदीत ‘इंजन’ पुल्लिंगी; रायपूरच्या मराठी घरांतली मुले ‘इंजन आला’ म्हणतात आणि नागपूरची आत्या हसते.) दुसऱ्यांदा तो कापसाबरोबर आला. इलाय व्हिटनीने १७९४ मध्ये अमेरिकेत ज्या यंत्राचे पेटंट घेतले ते ‘कॉटन जिन’. हा ‘जिन’ म्हणजे फासाला म्हणत तोच, इंजिनचे आखूड रूप. दारूच्या जिनशी त्याचा संबंध नाही. ती जुनिपरच्या फळाच्या नावावरून आली. अकोला-यवतमाळकडे कापूस जिनिंगला नेतात, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. आपण जो शब्द वापरतो तो कॉलेजच्या पाटीवरच्या शब्दाचा सख्खा नातलग आहे, हे तिथल्या शेतकऱ्याला आणि जिनमधल्या मजुराला कुणी सांगितलेले नाही. अभियंता दिनाच्या भाषणात तर हे कधीच येत नाही.

खडकवासला

इंग्रजीत ‘सिव्हिल इंजिनिअर’ असा शब्दप्रयोग का करावा लागला? कारण विशेषण नसलेला इंजिनिअर लष्करी असे. अठराव्या शतकात जॉन स्मीटन याने स्वतःला सिव्हिल इंजिनिअर म्हणवून घेतले. १७५९ मध्ये पूर्ण झालेले एडीस्टोनचे दीपगृह त्याचे. त्याच्या पुढाकाराने १७७१ मध्ये लंडनला अशा इंजिनिअरांची संस्था निघाली. इथे ‘सिव्हिल’चा अर्थ एवढाच: लष्करी नसलेला.

हा बदल आपल्या भूमीवर पाहायचा तर पुण्याजवळ खडकवासल्याला जावे. कंपनी सरकारच्या काळात रस्ते आणि कालवे ही कामे मिलिटरी बोर्डाकडे असत. डलहौसीच्या कारकिर्दीत, १८५४ मध्ये, ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आली. त्याच वर्षी या खात्याला दुय्यम कर्मचारी मिळावेत म्हणून पुण्यात इंजिनिअरिंग क्लास आणि मेकॅनिकल स्कूल सुरू झाले. आजच्या सीओईपीचे ते मूळ. (त्याच वर्षी नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि त्याबरोबर छत्तीसगडही इंग्रजांकडे गेले, पण तो वेगळा विषय.) खात्याचे नाव बदलले तरी वरच्या जागांवर लष्करी इंजिनिअर बराच काळ राहिले. खडकवासल्याचे धरण रॉयल इंजिनिअर्समधील कर्नल फाइफ यांचे, म्हणून त्याच्या जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हणत. पुण्याच्याच कॉलेजात शिकलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले, आणि १९०३ मध्ये त्याच धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की ते आपोआप उघडत, पूर ओसरला की मिटत. बांध लष्करी इंजिनिअरचा, दरवाजे सिव्हिल इंजिनिअरचे. शब्दाच्या इतिहासातील दोन टप्पे एका भिंतीवर.

ज्यांच्या जन्मदिवशी आपण हे विधान ऐकतो, त्यांचे हे काम यंत्रापासून वेगळे काढून दाखवा. कल्पना दरवाज्यात आहे, पाणी उचलेल त्या वजनाच्या हिशेबात आहे, लोखंडात आहे. इन्गेनिउम तिथे इंजिन होऊनच उभे आहे.

मग ते विधान इतके आवडते का?

माझ्या मते कारण भाषेत नाही, आपल्या समाजात आहे. हाताने काम करणारा खालचा आणि डोक्याने काम करणारा वरचा, ही उतरंड आपण पिढ्यान्पिढ्या सांभाळली आहे. इंजिनिअर मिस्त्रीच्या जवळ दिसतो, त्याच्या कपड्यांना ग्रीस लागते, याची मध्यमवर्गीय घरांना चोरटी लाज आहे. इंजिनवरून नव्हे, बुद्धीवरून, असे कुणी लॅटिनचा दाखला देऊन सांगितले की ती लाज धुतली जाते. मग वर्कशॉपचा तास म्हणजे दुसऱ्याने घासलेला जॉब जमा करायचा तास होतो. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेली मुले लेथवर सफाईने हात चालवतात, पण वर्गात मागे बसतात. त्यांना वाटते, आपल्याकडे आहे ते इंजिन, आणि बाकीच्यांकडे इन्गेनिउम. शब्दाचा खरा इतिहास याच्या नेमका उलट आहे. त्या शब्दाने बुद्धी आणि वस्तू यांत कधी भिंत घातली नाही.

आणखी एक गोष्ट. समजा, व्युत्पत्ती ते म्हणतात तशीच असती, तरी त्यावरून शब्दाचा आजचा अर्थ ठरत नाही. शब्दाचे मूळ म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. ‘गवाक्ष’ म्हणजे फोडून पाहिल्यास बैलाचा डोळा, पण खिडकीत बैल शोधायला कुणी जात नाही.

यंत्री आणि अभियंता

आता आपल्या भाषांकडे. रायपुरातील सरकारी कार्यालयांच्या पाट्या वाचल्या तर ‘कार्यपालन यंत्री’, ‘सहायक यंत्री’, ‘उपयंत्री’ अशी पदे दिसतात. मध्य प्रदेशातही हीच. राजनांदगाव ओलांडून महाराष्ट्रात शिरलात की तोच अधिकारी ‘कार्यकारी अभियंता’, ‘उपअभियंता’, ‘शाखा अभियंता’ होतो. छत्तीसगडमध्ये ‘मुख्य अभियंता’ही आहे, म्हणजे इथे दोन्ही शब्द नांदतात. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला ‘यंत्री’ विचित्र वाटतो. पण मंत्र आहे तो मंत्री, तर यंत्र आहे तो यंत्री, घडण तीच. यंत्री म्हणजे यंत्र बाळगणारा.

‘अभियंता’ वेगळ्या घडणीचा आहे. त्यात ‘यम्’ हा आवरणे, ताब्यात ठेवणे या अर्थाचा धातू आहे. त्यापासून ‘यन्तृ’, म्हणजे लगाम धरणारा, सारथी, माहूत. त्याला ‘अभि’ हा उपसर्ग लागून अभियंता. या शब्दात यंत्र थेट नाहीच, नियंत्रण आहे. गंमत अशी की अमेरिकेत आगगाडीच्या चालकाला इंजिनिअर म्हणतात; आपला सारथी-अर्थाचा अभियंता त्याच्याच शेजारी जाऊन बसतो. ‘अभियांत्रिकी’ मात्र पुन्हा ‘यंत्र’ या शब्दावरून घडलेला दिसतो. म्हणजे माणसाचे नाव एका शब्दावरून आणि त्याच्या शास्त्राचे नाव दुसऱ्यावरून; दोन्ही शेवटी ‘यम्’पाशी पोचतात म्हणून खटकत नाही इतकेच. स्त्रीलिंगी रूप संस्कृत व्याकरणाने ‘अभियंत्री’ होईल, पण ते कुणी वापरत नाही. मुलीही अभियंताच होतात.

उपसर्ग, धातू, प्रत्यय अशी जुळणी करून हजारो शब्द पाडण्याचा मोठा कारखाना एके काळी नागपुरात चालला. फाळणीच्या सुमारास लाहोरहून नागपूरला आलेले डॉ. रघुवीर यांनी तो चालवला. जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी नागपूर होती, हिंदी आणि मराठी दोन्ही तिथे राज्यकारभाराच्या भाषा म्हणून आणायच्या होत्या, आणि त्या सरकारचे प्रमुख पंडित रविशंकर शुक्ल हे आमच्या रायपूरचे. त्यांचा या कामाला पाठिंबा होता. रघुवीरांच्या अनेक शब्दांची लोकांनी थट्टा केली, काही थट्टेच्या लायकीचे होतेही. पण त्यांची पद्धत टाकाऊ नव्हती. अभियंता याच पद्धतीच्या जुळणीचा शब्द आहे आणि तो टिकला आहे.

‘यंत्र’ हा शब्द तर जुनाच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात जागेवर स्थिर असणारी आणि हलवता येणारी अशी युद्धयंत्रे सांगितली आहेत. म्हणजे आपल्याकडेही यंत्राची ओळख, निदान एका अंगाने, वेढ्यातलीच. अकराव्या शतकात धारच्या भोजराजाने ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात यंत्रांवर एक अख्खे प्रकरण लिहिले. तिथे त्याने यंत्राची व्याख्या अशी केली आहे: आपल्या मर्जीने, आपल्या वाटेने वाहणाऱ्या महाभूतांना आवरून जे ठरवलेल्या वाटेने नेते ते यंत्र. आता याच्याशेजारी १८२८ ची व्याख्या ठेवा. लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सला सनद मिळायची होती, तेव्हा थॉमस ट्रेडगोल्डने लिहून दिले की निसर्गातील शक्तींच्या मोठ्या स्रोतांना माणसाच्या उपयोगासाठी आणि सोयीसाठी वळवण्याची कला म्हणजे सिव्हिल इंजिनिअरिंग. मधे आठ शतके आणि दोन खंड. तरी दोघांच्या मनात आवरणे आणि वळवणे हीच क्रिया आहे. ट्रेडगोल्डने ‘माणसाच्या सोयीसाठी’ हे जोडले, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. आवरायचे कुणासाठी, हा प्रश्न त्याने व्याख्येतच आणला. ‘बुद्धिमान माणूस’ या व्याख्येत हा प्रश्न उठायला जागाच नाही.

मराठी पाठ्यपुस्तकात काय लिहावे?

एआयसीटीईने २०२१ मध्ये भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला काही महाविद्यालयांना परवानगी दिली, त्यांत मराठीही होती. तेव्हापासून हा प्रश्न कागदावरचा राहिलेला नाही. माझे मत थोडक्यात असे. माणसासाठी बोलताना ‘इंजिनिअर’, लिहिताना ‘अभियंता’, दोन्ही चालू द्यावेत. ‘इंजिन’ला पर्याय शोधण्याच्या भानगडीत पडू नये, तो शब्द केव्हाच मराठी झाला आहे. ‘सर्च इंजिन’ला काही जण ‘शोधयंत्र’ म्हणतात. ते चालेल, पण विद्यार्थ्याला सांगावे की इथले यंत्र म्हणजे कळ, लोखंड नव्हे. ‘सिव्हिल’ला रूढ झालेला ‘स्थापत्य’ मला तोकडा वाटतो. त्यातून इमारत डोळ्यांपुढे येते. कालवा, सांडपाणी, रस्ता येत नाही, आणि लष्करी नव्हे तो नागरी, हा मूळचा फरक तर पुसूनच जातो. पण तो शब्द आता पदव्यांवर छापला गेला आहे, आणि छापलेला शब्द बदलणे धरणाची जागा बदलण्यापेक्षा कठीण असते.

खरी पंचाईत एका नव्या शब्दाची आहे. ‘सोशल इंजिनिअरिंग’. आपल्याकडच्या राजकीय बातम्यांत त्याचा अर्थ निवडणुकीसाठी जातीजातींची मोट बांधणे. सायबर सुरक्षेच्या अभ्यासक्रमात त्याचा अर्थ वेगळा: बँकेतून बोलतोय असे सांगून, घाबरवून किंवा गोड बोलून माणसाकडूनच ओटीपी काढून घेणे. काही ठिकाणी याचे भाषांतर ‘सामाजिक अभियांत्रिकी’ असे सरळ करून ठेवलेले दिसते, आणि ते वाचून विद्यार्थ्याला वाटते की ही समाजसुधारणेची एखादी शाखा असावी. या शब्दात संगणक फोडला जात नाही, माणूस फोडला जातो. जुन्या फ्रेंचमधील ‘एंजिन’चा कावा आणि सापळा हा अर्थ सातशे वर्षांनी इथे जसाच्या तसा वर आला आहे. त्यासाठी अभियांत्रिकी हा शब्द खर्च करण्याची गरज नाही. मराठीत ‘कावा’ आहे, ‘सापळा’ आहे, आणि फोनवरून फसवले गेलेल्या कुणालाही हे दोन्ही शब्द समजावून सांगावे लागत नाहीत.